पाटी आणि मत



निवडणूक आली की घराघरांत प्रश्न उठतो : आपली म्हणविणाऱ्या पक्षाला सोडून दुसऱ्याला मत दिले, तर तो बाबासाहेबांशी द्रोह ठरतो काय?

इतिहास पहा. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभारले. त्यांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली स्थापन झाला. पुढे त्याचेही गट पडले. पाटी बदलत गेली, ध्येय तेच राहिले. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत एकाही पक्षाचे नाव नाही. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे नेते, असे त्यांनीच १९४९ साली संविधान सभेत बजावले होते.

मग ‘अपक्ष’ म्हणजे निर्मळ काय? तीही एक पाटीच. अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात शिरला, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तो अपात्र ठरू शकतो. पण बाहेरून कोणालाही पाठिंबा द्यायला तो मोकळा असतो. म्हणून त्यालाही आधीच विचारा, ‘उद्या तुम्ही कोणाबरोबर बसणार?’

मतदार यादीत तुमच्या नावापुढे कोणताही पक्ष लिहिलेला नसतो. तेव्हा तथागतांनी कालामांना जो मार्ग दाखविला, तोच धरा : कोणी सांगितले म्हणून मानू नका, कृती पारखा. द्रोह मत बदलण्यात नाही. ते न पारखता देण्यात आणि विकण्यात आहे.

जय भीम!