गाणाऱ्याचा दोष कोणता?

कवीस त्याच्या शब्दांबद्दल जबाबदार धरावें किंवा नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अश्लीलतेच्या खटल्यांच्या निमित्तानेंच निघतो. शब्दानें वाचकाचें मन बिघडतें कीं नाहीं, यावर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. परंतु ज्या शब्दांमागून माणसें मेलीं, त्या शब्दांच्या कर्त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें हा त्याहून कठीण प्रश्न होय. आणि त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील चिमूर गांवीं तो १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, ऐन नागपंचमीच्या दिवशीं, रस्त्यावर येऊन उभा राहिला.

तुकडोजी महाराजांस संत म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे कीं, ते आधीं गाणीं रचणारे होते याचा आपणांस विसर पडतो. १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलास वरखेडच्या आडकोजी महाराजांनीं तुकड्या हें नांव दिलें. शाळेशीं त्याचा संबंध थोडाच आला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा ठिकाणच्या रानांत त्यानें आपलें तारुण्य घालविलें. यांपैकीं शेवटचीं दोन स्थळें चिमूर तालुक्यांतलीं, म्हणजे तेव्हांच्या अफाट चांदा जिल्ह्यांतलीं. (त्या जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली वेगळा निघाला, लोकसभेच्या मतदारसंघानें मात्र चिमुराची गडचिरोलीशीं पुन्हा गांठ घातली आहे.) रानांतून तो परतला तो हातांत खंजिरी घेऊन. १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षीं सेवाग्रामास गांधीजींच्या सहवासांत कांहीं दिवस गेले.

खंजिरी हें वाद्य दिसावयास क्षुल्लक. लाकडाचें एक कडें, त्यावर ताणलेलें कातडें, बाजूस लहान झांजा. एका हातानें धरावें व दुसऱ्यानें वाजवावें. पेटी-तबल्यास बैठक लागते, सतरंजी लागते; खंजिरीस कांहींच लागत नाहीं. ती घेऊन माणूस पारावर उभा राहिला कीं सभा भरली. तिच्या साथीनें म्हटल्या जाणाऱ्या भजनाची घडणही तशीच सुटसुटीत असते. भाषा सोपी, कधीं मराठी, कधीं हिंदी, ध्रुवपद एक, गाणारा ओळ टाकतो आणि समुदाय ती उचलतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस ती ओळ कोणाची हें सांगतां येत नाहीं. श्रोता हा शब्दच येथें अपुरा पडतो, कारण ऐकणाराच येथें गात असतो. आमच्या प्रश्नाचें मर्म या लहानशा गोष्टींत आहे, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगितली.

बेचाळीसच्या सुमाराचें त्यांचें एक हिंदी भजन आजही लोक सांगतात. झाडाझुडपांचीं शस्त्रें होतील, दगडधोंड्यांचे बॉम्ब होतील आणि भक्तांचीच फौज उभी राहील, असें चित्र त्यांत रंगविलें आहे. साहित्याचा पंडित येथें लगेच पुढें सरसावतो आणि सांगतो कीं, हें रूपक आहे. रूपकास वाच्यार्थानें घेणें हा अरसिकपणा होय. त्यास आम्ही नम्रपणें सुचवितों कीं, त्यानें एकदां चिमुरास जाऊन यावें. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत झाड हें रूपक असूं शकेल. जेथें रान गांवाच्या अंगणापर्यंत आलें आहे, जेथें १९३० च्या जंगल सत्याग्रहाची आठवण ताजी होती, आणि सरपणाच्या काटकीपायीं रानाच्या शिपायाशीं तंटा हा जेथें नित्याचा अनुभव, तेथें झाड व दगड हें हाताशीं पडलेलें साहित्य होतें. रूपक आणि वस्तु यांमधलें अंतर तेथें एका हाताचें होतें.

त्या दिवशीं जें घडलें तें थोडक्यांत असें. प्रभातफेरीच्या मिरवणुकीस पोलिसांनीं अडविलें, गोळीबार झाला, त्यांत बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. मग जमाव आवरेना. डाकबंगला पेटला, आणि दिवस मावळण्यापूर्वीं चार सरकारी नोकर मारले गेले. त्यांत उपविभागाचे अधिकारी व नायब तहसीलदार होते, तसा एक साधा शिपाईही होता. नंतर सैन्य आलें. त्यानें घरोघरीं शिरून पुरुषांस धरून नेलें आणि स्त्रियांवर अत्याचार केले. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनीं ६३ दिवस उपवास केला. चिमूर व त्याच दिवशीं पेटलेली वर्धा जिल्ह्यांतील आष्टी, या दोन्ही खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे आणि इतर पुष्कळांनीं खटपट केली, आणि १९४५ च्या ऑगस्टांत उरलेल्या फाशीच्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली.

तुकडोजींस २८ ऑगस्ट १९४२ रोजीं चंद्रपूर येथें अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत राहून डिसेंबरांत ते सुटले. सरकारनें कवीची किंमत ओळखली होती असें म्हणावयास हरकत नाहीं. एखाद्या खंजिरीवाल्यास तीन महिने कोंडून ठेवणारें सरकार काव्याच्या सामर्थ्यावर आपल्या समीक्षकांपेक्षां अधिक विश्वास ठेवीत होतें!

आतां या प्रसंगाकडे पाहण्याच्या ज्या दोन रीती प्रचलित आहेत, त्या दोन्ही आम्हांस अप्रामाणिक वाटतात. भक्त म्हणतो, महाराजांच्या भजनानें चिमूर जागें झालें. आणि चार माणसांचा विषय निघाला कीं तोच म्हणतो, तो जमावाचा क्षोभ होता, भजनाचा त्याच्याशीं संबंध काय? जागृतीचें श्रेय भजनास आणि रक्ताचा दोष गोळीबारास, ही वांटणी सोयीची खरी, पण ती न्यायाची नव्हे. उलट टीकाकार म्हणतो कीं, गाणें हीच चिथावणी होती. तोही विसरतो कीं ९ ऑगस्टला गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले होते, लढाईनें महागाई भडकली होती, आणि बंदूक प्रथम पोलिसांची वाजली. हीं सर्व कारणें वगळून एका खंजिरीवर चार खून लादणें म्हणजे इतिहासाचें गणित फारच स्वस्तांत सोडविणें होय.

मग गाण्यानें केलें काय? आमच्या समजुतीप्रमाणें गाणें कोणास आज्ञा करीत नाहीं. तें एवढेंच करतें कीं, माणसाचें एकटेपण काढून घेतें. खेड्यांतला माणूस राज्यकर्त्यास भितो तो मुख्यतः यासाठीं कीं, त्या भीतींत आपण एकटे आहोंत असें त्यास वाटत असतें. शंभर तोंडांनीं तीच ओळ उचलली कीं त्यास कळतें, शेजाऱ्याच्या पोटांतही हेंच आहे. ही निर्भयता गाणाऱ्यानें दिलेली असते. तिचें तो काय करील हें मात्र ठरलेलें नसतें. तिच्या बळावर तो तिरंगा घेऊन गोळीपुढें चालत जाईल, किंवा शरण आलेल्या माणसावर काठी चालवील. म्हणणाऱ्यानें ओळ उचलली म्हणजे ती त्यास पटली असेंही नव्हे. ताल आधीं पोहोंचतो, विचार मागून येतो, आणि कधीं कधीं मध्यें बराच वेळ जातो. चिमुरांत तो वेळ मिळाला नाहीं.

येथें पुढारी आणि गाणारा यांत एक मोठा भेद दिसतो. १९२२ सालीं चौरीचौऱ्यास पोलीस जाळले गेले, तेव्हां गांधीजींनीं चळवळ मागें घेतली. त्यांस तें करतां आलें, कारण आज्ञा ही दिलेली असते आणि दिलेली वस्तु परत मागतां येते. गाणें परत मागतां येत नाहीं. आयरिश कवि येट्स यानें म्हातारपणीं स्वतःस असाच प्रश्न विचारला होता, कीं आपल्या नाटकामुळें तर कांहीं तरुण गोळीपुढें गेले नाहींत ना. विचारतांना त्याची झोंप उडाली, पण नाटक त्याच्या हातीं परत आलें नाहीं. अमेरिकेंत १९६३ सालीं वॉशिंग्टनच्या मोर्च्यांत गाणारा बॉब डिलन, ज्यास पुढें २०१६ चें वाङ्मयाचें नोबेल मिळालें, तो थोड्याच वर्षांत निषेधगीतांपासून दूर झाला आणि आपण कोणत्याही पिढीचा प्रवक्ता नाहीं असें सांगूं लागला. कलावंत या नात्यानें त्याचा तो अधिकार होता. परंतु त्याचीं गाणीं लोक त्याच्यावांचूनही म्हणतच राहिले.

तुकडोजींनीं तोही मार्ग धरला नाहीं. सुटल्यावर त्यांनीं खंजिरी ठेवली नाहीं, आणि भजनांत ‘जपून’, ‘बेतानें’ अशा अटीही घातल्या नाहींत. अटी घातलेलें गाणें हें गाणें राहत नाहीं, परिपत्रक होतें. ते आणखी सव्वीस वर्षें, म्हणजे १९६८ सालीं देहावसान होईपर्यंत, त्याच लोकांत गात राहिले. १९५५ सालीं ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत ग्रामसफाई आहे, आरोग्य आहे, स्त्रियांचें शिक्षण आहे, श्रमदान आहे. यास चिमूरचें प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह कित्येकांस होईल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणांत आपल्या सोयीचा पश्चात्ताप घालणें ही चरित्रकाराची वाईट खोड आहे. दिसतें तें एवढेंच कीं, ज्या माणसांस त्यांनीं निर्भय केलें, त्यांस त्यांनीं त्या निर्भयतेसह वाऱ्यावर सोडलें नाहीं. निर्भय झालेल्या हातांस काम लागतें, आणि तें पुरविण्यास ते गांवोगांव हिंडत राहिले.

यानें हिशेब पुरा होतो काय? नाहीं. गाणाऱ्यास तुरुंगांत गेले तीन महिने. म्हणणाऱ्यांस फांसाच्या छायेंत वर्षें काढावीं लागलीं. आणि ज्यांनीं कदाचित् ती ओळ म्हटलीही नव्हती, त्या घरांतल्या बायकांनीं जें भोगलें त्यास मापच नाहीं. मारल्या गेलेल्या चौघांच्या घरींही कोणी वाट पाहत असेल. चिमुरांत दरवर्षीं १६ ऑगस्टला हुतात्म्यांचें स्मरण होतें, तें व्हावेंच. मोझरीस महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो माणसें त्यांच्या देहावसानाच्या घटकेस मौन पाळतात. आयुष्यभर ज्यानें लोकांस गावयास लाविलें, त्याच्यासाठीं त्या घटकेपुरती खंजिरीही थांबते.