राजवाद आणि पंडितवाद : परकीय विचारांच्या स्वीकाराविषयी

बाहेरून येणाऱ्या विचारांना समाजाने दार उघडावे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेत प्रामुख्याने देशीयतेच्या अंगाने चर्चिला गेला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी १९८०च्या दशकात देशीयतेची मांडणी केल्यापासून या चर्चेला एक ठरावीक वळण लागले. परकीयांच्या प्रभावाने आपली वाङ्मयीन संस्कृती पराधीन झाली असे एक पक्ष म्हणतो. बाह्य संपर्कावाचून कोणतीही संस्कृती साचते असे दुसरा म्हणतो. परंतु समाज हा जणू एकच कर्ता असून तोच दार उघडतो वा लावतो, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दाराची कडी फार थोड्यांच्या हाती असते, आणि इतिहासात पुष्कळदा ती राजाच्या हाती होती. राज्याच्या उत्कर्षासाठी राजाने परकीय ज्ञानाचे स्वागत केले, तर त्या स्वागताला प्रजेचा मोकळेपणा म्हणता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडविण्यापेक्षा विशिष्ट भूमीवर उभे राहून तपासणे अधिक उचित ठरेल. आज जालना जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख (हा जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जालना आणि अंबड हे तालुके औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात मोडत, तर परतूर परभणीत. हा प्रदेश मराठीभाषक होता, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील एक असाधारण ज्ञानप्रयोग ज्या राज्यात झाला, त्या राज्याचा तो भाग होता.

१

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून १९१७ मध्ये विद्यापीठाच्या स्थापनेस मान्यता दिली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी आवश्यक विषय म्हणून ठेवून सर्व उच्चशिक्षण उर्दूतून द्यावयाचे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यासाठी १९१७ मध्येच दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, सुरू करण्यात आला आणि मौलवी अब्दुल हक यांनी त्याची धुरा घेतली. मिर्झा हादी रुसवा, जोश मलिहाबादी, अब्दुल माजिद दर्याबादी यांसारखी माणसे या विभागात राबली. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांचे ग्रंथ युरोपीय भाषांतून उर्दूत आणले गेले. परिभाषा सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र समित्या बसल्या. मआशियात (अर्थशास्त्र), नफसियात (मानसशास्त्र) यांसारख्या संज्ञा उर्दूत आजही चालतात, यावरून त्या परिश्रमांची खोली ध्यानी येईल.

या प्रयोगामागे जपानचा आदर्श वावरत होता. १८६८ मध्ये मेजी सम्राटाच्या नावे जी प्रतिज्ञा घोषित झाली, तिच्या शेवटच्या कलमात राज्याच्या बळकटीसाठी जगभरातून ज्ञान मिळवावे असा संकल्प होता. हैदराबादचे शिक्षणाधिकारी रॉस मसूद १९२२ मध्ये जपानला गेले आणि तेथील शिक्षणव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. परकीय ज्ञान घ्यावे, पण ते परकीय भाषेत राहू देऊ नये, हे सूत्र त्यांना जपानमध्ये दिसले.

इंग्रजांच्या छायेखालील एका संस्थानिकाने हे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. भारतीय भाषा उच्च ज्ञानाचा भार वाहू शकते, हे उस्मानियाने प्रत्यक्ष करून दाखविले. मराठीभाषकांनी या गोष्टीकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही; पदार्थविज्ञान वा वैद्यक यांचे विद्यापीठीय शिक्षण आपल्या भाषेतून देण्याचे तसे धाडस मराठी मुलखातील विद्यापीठांनी केलेले नाही.

२

परंतु जपानच्या आदर्शात एक शब्द असा होता, की तो हैदराबादला पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पालटला. तो शब्द 'आपली भाषा'. जपानमध्ये राज्याची भाषा आणि बहुसंख्य प्रजेची भाषा यांत मोठे अंतर नव्हते. हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, एक-चतुर्थांशाच्या आसपास मराठी आणि उरलेल्यांत कन्नड व उर्दू. उर्दू ही मातृभाषा असणारे साधारण दहांत एक. ज्या भाषेत विश्वाचे ज्ञान 'आपले' झाले, ती दरबाराची आपली भाषा होती. मराठी उस्मानियात शिकविली जाई, पण एक विषय म्हणून. ज्ञानाचे माध्यम म्हणून तिला तेथे जागा नव्हती. माध्यमिक शाळांचे माध्यमही प्रायः उर्दूच राहिले. परिणामी जालन्याच्या मराठी मुलाला न्यूटनपर्यंत जाण्यासाठी आधी एक भाषा ओलांडावी लागे, आणि त्या भाषेत न्यूटन कितीही सुबोध झालेला असला तरी मुलाच्या घरापर्यंत तो येत नसे.

येथे भौगोलिक जवळीक हा निकष फसवा ठरतो. अब्दुल हक यांचे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य दीर्घकाळ औरंगाबादेतूनच चालले. १९००च्या सुमारास सुरू झालेल्या लोहमार्गाने जालना औरंगाबादशी जोडले गेले होते. अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास. उर्दूच्या आधुनिकीकरणाचे एक केंद्र इतक्या जवळ असूनही जालन्याच्या मराठी खेड्याला ते दूरच होते. संस्थानाच्या मुलखातील साक्षरता १९५१च्या जनगणनेतही दहा टक्क्यांना पोहोचलेली नव्हती. म्हणजे शिखर उभारले गेले तेव्हा पायथा मोकळाच होता.

याहून महत्त्वाचा अंतर्विरोध दुसरा आहे. भाषांतरित इतिहासग्रंथांतून युरोपातील राज्यक्रांत्या आणि लोकसत्तेच्या कल्पना विद्यार्थ्यांपुढे येत होत्या. त्याच राज्यात सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानान्वये आधी परवानगी घ्यावी लागे. बाहेरच्या विचाराला दरबारी वेतन होते, आतल्या विचाराला मात्र परवाना लागत होता. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, तेव्हा आजच्या जालना जिल्ह्यातील त्या गावी मराठी प्रजा आपल्याच राजाशी बोलण्याचा अधिकार मागत होती. पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. जगाचे ज्ञान आत घेणाऱ्या विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांचे एक गीत आत घेता आले नाही.

३

यावरून परकीय विचार लादला गेला आणि देशी समाज दडपला गेला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा आहे. जालन्याच्या मराठी माणसाचे नुकसान परकीय विचाराने केले नाही. त्या विचारापर्यंत त्याला जाऊ न दिल्याने केले. शिवाय उर्दू वा फारसी ही मराठीला परकी होती, हेही पूर्ण सत्य नव्हे. अर्ज, फिर्याद, कायदा, हुकूम, तालुका हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी शतकानुशतके रुळलेले आहेत. ते कोणत्याही परिभाषासमितीने दिले नाहीत. व्यवहाराच्या रेट्याने भाषेने ते स्वतः घेतले, उच्चार बदलले, अर्थ वाकविले आणि आपले केले.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही बोलके आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी राज्यसंज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यामागील स्वत्वाची जाणीव ऐतिहासिक मोलाची आहे. परंतु त्या प्रतिशब्दांपैकी बहुसंख्य लोकांच्या बोलण्यात रुजले नाहीत, आणि ज्यांच्या जागी ते योजले होते त्यांतील कितीतरी फारसी शब्द आपण आजही वापरतो. राजाज्ञेने दार लावता येत नाही आणि राजाज्ञेने ते पुरते उघडताही येत नाही, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल. राजाला ग्रंथ आणविता येतात, भाषांतरकार नेमता येतात. स्वीकार ही क्रिया मात्र ज्याने घ्यावयाचे त्यानेच करावी लागते. तिच्यात निवड आहे, फेरफार आहे आणि नकारही आहे. ज्याला नाकारता येत नाही त्याने स्वीकारले, असे म्हणणे हा शब्दांचा अपव्यवहार होय.

जालन्याजवळच्या बेथेल गावाचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तिच्यासाठी जमीन मिळाली ती सालारजंगांच्या कारभारात. आलेला विचार परकीय खराच, पण तो मराठीतून आणि खेड्यातच आला, आणि प्रामुख्याने मांग समाजातील माणसांनी तो आपल्या स्थितीशी ताडून पाहिला. मिशनच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतात. तथापि घ्यावयाचे की नाही हे येथे घेणाऱ्याला ठरविता आले, एवढे मान्य करावे लागेल.

४

तुलनेसाठी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड घेऊ. तेही निरंकुश सत्ताधीशच होते, आणि त्यांचा मोकळेपणाही राजाज्ञेतूनच आला. युरोप-अमेरिकेच्या प्रवासांत जे पाहिले त्यातून त्यांनी ग्रंथालयांची योजना आखली आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून राज्यभर लागू केले. सक्तीने दिलेले शिक्षण हा मोकळेपणा कसा, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर त्या शिक्षणाच्या भाषेत आहे. मराठी राजाने गुजराती प्रजेला मराठी शिकविण्याचा आग्रह धरला नाही. १९३१चा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यव्यवहाराचा कोशही एकाच भाषेचा नाही. त्यात इंग्रजी संज्ञांना अनेक भारतीय भाषांतील पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत. निवडीला वाव ठेवणारी ही रचना आहे.

अर्थात बडोद्याचे गुणगान करून थांबता येत नाही. तेथील महाविद्यालयीन शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली इंग्रजीतच राहिले. हैदराबादने एका देशी भाषेत शिखर बांधले आणि बहुसंख्यांच्या भाषेतील पायथा उपेक्षिला. बडोद्याने प्रजेच्या भाषेत पायथा घातला आणि शिखर इंग्रजीकडे सोपविले. दोन्ही कामे एकत्र कोणी केली नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतर आपणही ती केलेली नाहीत. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. जालन्याच्या विद्यार्थ्यापुढे पूर्वी उर्दूची जी पायरी होती, तिच्या जागी आता इंग्रजीची आली. आजच्या पायरीवर कोणा राजाचे नाव नाही, म्हणून ती आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते, इतकाच फरक.

५

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याने पुढे या प्रश्नाला एक वेगळे परिमाण दिले. डॉ. आंबेडकरांनी बाहेरचे विचार घेतले, पण घेताना त्यांच्याशी वाद घातला. देशी परंपरेशी तर घातलाच, आणि राजाश्रयाच्या उपकाराखाली त्यांनी आपली वाणी गहाण ठेवली नाही. १९५० मध्ये त्यांनी निजामी सत्तेतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, महाविद्यालय काढले. त्याला नाव मिळाले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन.

या नामकरणात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो: राजाने पंडितासारखी चर्चा करावी, राजासारखी नव्हे. पंडितांच्या वादात खंडन-मंडन होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते आणि कोणी कोपत नाही. राजाच्या वादात त्याचे म्हणणे न मानणाऱ्याला दंड होतो. मिलिंद ही अट मान्य करतो, तेव्हाच संवाद सुरू होतो.

राजाच्या मोकळेपणाची कसोटी ही आहे. किती ग्रंथ आले, किती विद्वान नेमले, किती संज्ञा घडविल्या, या गोष्टी मोलाच्या असल्या तरी त्या राजवादाच्या कक्षेत राहू शकतात. मीर उस्मान अली खान यांनी जगातील पंडितांना आपल्या राज्यात उर्दूतून बोलते केले. परतूरला जमलेल्या माणसांशी पंडितवाद करण्यास त्यांची सत्ता तयार नव्हती. परकीयाचे ऐकणे राजाला तुलनेने सोपे असते, कारण परकीय त्याच्याकडे सत्तेतला वाटा मागत नाही. आपल्याच प्रजेचे तिच्या भाषेत ऐकणे हे कठीण, आणि त्यावाचून बाहेरून आलेला विचार राज्याच्या संग्रहात जमा होतो, समाजाच्या अनुभवात उतरत नाही.

देशीयतेच्या चर्चेने या भेदाची दखल घ्यावयास हवी. एखादा विचार कोठून आला, यापेक्षा तो येताना कोणाच्या भाषेत आला आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा कोणाला होती, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. हाच प्रश्न देशी विचारालाही विचारता येतो, आणि तेथेही नेहमी समाधानकारक उत्तर मिळेल अशी खात्री नाही. आज राजे नाहीत. अभ्यासक्रम ठरविणारी मंडळे, अनुदान देणारी शासने आणि ज्ञानाची बाजारपेठ चालविणारे उद्योग आहेत. त्यांच्यापुढे नागसेनाची अट कोण आणि कोणत्या भाषेत ठेवणार, याचा विचार मराठी समीक्षेला टाळता येणार नाही.