कठड्याच्या अलीकडे

आमच्या सासूबाईंनी साठी उलटल्यावर दिग्व्रत घेतलं. शिखरजीची यात्रा झाली होती, लेकींची लग्नं झाली होती. बस्तीत महाराजांचा मुक्काम होता, त्यांच्यासमोर बसून सासूबाईंनी चारी दिशा बांधून घेतल्या. उत्तरेला कुंथलगिरी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पूर्वेला विजापूर आणि पश्चिमेला समुद्राचा काठ. यापलीकडे या जन्मी पाऊल टाकायचं नाही. मी तेव्हा नवी सून. मनातल्या मनात हसले. मला वाटलं, आधीच कुठं जात होत्या त्या, की आता न जाण्याचं व्रत घ्यायचं?

त्या हसण्यात माझा थोडा रागही होता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजची सहल जोगच्या धबधब्याला निघाली होती. वडील म्हणाले, "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा." लग्नानंतर दुकान, सणवार, बाळंतपणं. जोगचा धबधबा मी पाहिला तो एक्केचाळिसाव्या वर्षी, नात्यातल्या लग्नाहून परतताना, तोही वीस मिनिटं. त्यामुळं 'मर्यादा' हा शब्द ऐकला की मला दिग्व्रत आठवायचं नाही, वडिलांचं ते वाक्य आठवायचं. आपल्यापैकी पुष्कळजणींचं असंच असेल.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी सिडनीला गेले होते. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि लेक म्हणाली, "आई, एक दिवस तुझा. तू एकटी जा." तिनं ब्ल्यू माउंटन्सच्या सहलीचं तिकीटच काढलं होतं. सकाळी बसनं न्यायचं, गाईडनं दाखवायचं, संध्याकाळी परत आणून सोडायचं. बेळगावला फोन केला तर हे म्हणाले, "एकटी? तेवढं इंग्रजी येतंय का तुला?" मी म्हटलं, "डोंगर बघायला इंग्रजी कशाला लागतंय?" फोन ठेवला, पण रात्रभर झोप नव्हती. पंचावन्न वर्षांत मी एकटी कुठं गेलेच नव्हते. गेले असेन ती कुणासाठी तरी, नाहीतर कुणाबरोबर तरी.

मे महिना होता, तिकडं थंडी सुरू होत होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घेऊन मी पॅरामॅटाला बसमध्ये चढले. बसमध्ये अठरा माणसं. गाईड म्हणजे चाळिशीची एक उंच बाई, गाडीही तीच चालवत होती. निघतानाच तिनं सांगितलं की आपण दारूग आणि गुंडुंगुरा लोकांच्या भूमीवर चाललो आहोत, त्यांच्या वाडवडिलांना नमस्कार. मला ते आवडलं. आपणही क्षेत्रावर चढण्याआधी पायथ्याला हात जोडतोच की.

दोन तासांत कटुंबा गाव आलं आणि एको पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिले. समोर जेमिसन दरी, तिच्या काठावर थ्री सिस्टर्स नावाचे वालुकाश्माचे तीन सुळके, प्रत्येकाची उंची नऊशे मीटरच्या वर. खाली जिकडं पाहावं तिकडं झाडं आणि त्यावर निळसर धूसर पडदा. गाईड म्हणाली, ही युकॅलिप्टसची झाडं. त्यांच्या पानांतलं तेल हवेत मिसळतं आणि उन्हात दरी निळी दिसते, म्हणून हे निळे डोंगर. युकॅलिप्टस म्हणजे आपली निलगिरी! सर्दी झाली की रुमालावर ज्याचे दोन थेंब टाकतो, त्याचं माहेर हे. अनोळखी मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं मला.

शेजारी सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. माझा फोटो काढायला कुणी नव्हतं, आणि 'चला, उशीर होतोय' म्हणणारंही कुणी नव्हतं. मी कठड्याला टेकून पाऊण तास नुसती पाहत राहिले. आपल्या बारा भावनांत एकत्व भावना आहे. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपलं केलेलं एकटाच भोगतो. पाठ केलं होतं लहानपणी. मला ती भावना नेहमी उदास वाटायची. त्या कठड्याशी पहिल्यांदा वाटलं, एकटं असण्यात सुखही आहे.

आणि त्याच सुखाच्या भरात, दुपारी, मी चूक केली.

वेंटवर्थ धबधब्याकडं जाणाऱ्या वाटेवर आम्ही चालत होतो. वाटेवर शिरण्याआधी गाईडनं सगळ्यांना बुटांचे तळवे ब्रशनं घासायला लावले, वर औषध फवारलं. मातीतून झाडांचा रोग पसरतो म्हणाली. विमानतळावरच्या फॉर्मवरही बुटांना माती आहे का, असा प्रश्न होताच. पुढं एका वळणावर दरी फार सुंदर दिसत होती, पण मध्ये झुडूप येत होतं. म्हणून मी वाट सोडून चार पावलं खाली उतरले. पायाखाली ओलं, मऊ, शेवाळासारखं काहीतरी होतं. बूट त्यात रुतला. मोबाइल वर धरला तोच मागून हाक आली, "कृपा करून वाटेवर या."

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "एकच मिनिट. मी एकटीच आहे."

ती म्हणाली, "इथं येणारा प्रत्येकजण एकटाच असतो."

ती रागावून बोलली नव्हती. मी वर आल्यावर तिनं समजावून सांगितलं. या डोंगरांच्या उतारांवर पाणथळी आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी वालुकाश्मातून झिरपतं, या मऊ झाडोऱ्यात साठतं आणि थोडं थोडं करून खाली सुटतं. पाऊस नसतानाही धबधबा वाहतो, त्यात यांचा मोठा वाटा. अशाच पाणथळींत एक छोटी, पिवळ्या पट्ट्यांची सापसुरळीच्या जातीची जीव राहते, जगात दुसरीकडं कुठंही नाही. एकदा पाऊल पडलं की तिथं खळगा होतो, खळग्यातून पाण्याची धार लागते, धारेचा ओहोळ होतो आणि पाणथळ आटत जाते. मी मागं वळून पाहिलं. माझ्या चार पावलांचे चार खळगे स्पष्ट दिसत होते, त्यात पाणी भरत होतं.

बायांनो, मला किती लाज वाटली काय सांगू. कारण मला हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. पावसाळ्यात आमच्या परसात शेवाळ धरतं, तेव्हा मी त्याच्यावर पाय देत नाही. शेवाळात अनंत जीव असतात हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. नातवंडांनाही मी हात धरून कडेनं नेते. चार हात पुढची जमीन बघून चालावं, ही ईर्यासमिती मुनींची असली तरी आम्ही श्रावकांनीही चातुर्मासात ती जमेल तेवढी पाळलेली. मग बेळगावच्या परसातली ती बाई दहा हजार किलोमीटरवर आल्यावर कुठं गेली? माझी अहिंसा काय परसाच्या भिंतीपुरती होती?

परतीच्या वाटेवर मी हाच विचार करत होते. आपल्याकडं हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मला त्या सापसुरळीला मारायचं नव्हतं, ती तिथं आहे हेही ठाऊक नव्हतं. पण मला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं, कारण मी पैसे भरून आले होते. पाहुणा म्हणून गेलो की आपल्याला वाटतं, इथलं सगळं आपल्याला दाखवण्यासाठी मांडून ठेवलंय. आणि 'मी एकटीनं काय बिघडतं' हे वाक्य तर आपण रोजच वापरतो. एकत्व भावना नेमकं याच्या उलट सांगते. एकटा आहेस म्हणून तुझ्या पावलाचा हिशेब कमी होत नाही, उलट तो दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जात नाही.

बसमध्ये गाईडनं एक गोष्ट सांगितली. याच डोंगररांगेत वोलेमाय नावाचं अरण्य आहे. १९९४ मध्ये तिथल्या डेव्हिड नोबल नावाच्या वनाधिकाऱ्याला एका खोल घळीत वेगळीच झाडं दिसली. डायनासोरांच्या काळापासूनचं ज्यांचं कूळ, ज्यांचे नातलग फक्त जीवाश्मांत सापडायचे, ती झाडं जिवंत उभी होती. रानात त्यांची मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत. ती घळ कुठं आहे, हे सरकारनं गुप्त ठेवलंय. तरीही चोरून कुणी पोचलं असावं, कारण मुळं कुजवणारी बुरशी तिथल्या मातीत सापडली आणि ती कुणाच्या तरी बुटांतून आली असा संशय आहे. २०१९-२०च्या वणव्यात या डोंगरांचा फार मोठा भाग जळाला, तेव्हा हेलिकॉप्टरमधून माणसं दोरानं घळीत उतरली, झाडांभोवती पाणी शिंपडलं आणि ती वाचवली. रोपं करून जगभर विकली जातात, सिडनीच्या बागेतही एक आहे, ते बघा, पण घळ कुणालाही दाखवत नाही, असं ती म्हणाली.

मला एकदम सासूबाई आठवल्या. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार'मध्ये दिग्व्रताचं एक फळ सांगितलंय. आपण जी सीमा आखतो, तिच्या पलीकडं आपल्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही. त्यामुळं तेवढ्या क्षेत्रापुरती श्रावकाची अणुव्रतं महाव्रतांच्या तोडीची होतात. म्हणजे घरात स्वयंपाक करताना, दिवा लावताना, केर काढताना सासूबाईंकडून जी काय हिंसा होत होती ती होतच होती. पण विजापूरच्या पलीकडच्या साऱ्या जगासाठी त्या मुनीसारख्या होत्या. तिथल्या कुठल्याही जीवाला त्यांच्यापासून भय नव्हतं. मी समजत होते की त्यांनी स्वतःभोवती कुंपण घातलं. त्यांनी तर उरलेल्या जगाला अभय दिलं होतं. वोलेमायच्या घळीभोवती तसंच एक व्रत आहे, फक्त ते हजारो लोकांनी मिळून पाळायचं आहे.

पण म्हणून वडिलांनी मला जोगला जाऊ दिलं नाही, तेही योग्यच होतं असं मी म्हणणार नाही. त्याच कटुंबा गावात 'द गली' नावाची जागा आहे. तिथं राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना १९५७ मध्ये मोटारींच्या शर्यतीचा रस्ता करण्यासाठी हुसकून लावलं. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच होतं की तुमची जागा इथं नाही. सीमा तीच दिसते, पण ती कोण आखतं आणि कुणाच्या सुखासाठी आखतं, यावर सारं आहे. दुसऱ्याला अडवण्यासाठी आखलेली सीमा ही जबरदस्ती असते. दुसऱ्या जीवाला मोकळं राहता यावं म्हणून आपणहून आखलेली सीमा हे व्रत असतं. सासूबाईंनी शिखरजी पाहून, मन भरून, स्वतःच्या तोंडानं नियम घेतला. माझ्याकडून तो आधीच, न विचारता घेतला गेला होता. म्हणून मला दोन्ही एकच वाटत राहिलं.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटत नाही. इतक्या लांब विमानानं गेले, त्या इंधनाचा हिशेब कुठं मांडायचा? घरीच राहिले असते तर ती चार पावलं पडली नसती. पण मग परसाबाहेर माझी अहिंसा किती टिकते, हेही कळलं नसतं. सासूबाई असत्या तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

दिवस लवकर मावळतो तिकडं. साडेचारला एका बाकावर बसून मी दशमी खाल्ली आणि पाणी पिऊन तोंड बांधलं. गाईड शेजारी येऊन बसली, तिला थोडी दशमी-चटणी दिली. चटणी तिखट लागली तिला, तरी संपवली. मग मोबाइलमध्ये दुपारचा तो फोटो काढून पाहिला. हात हलल्यामुळं दरी धूसर आली होती, कोपऱ्यात माझ्या बुटाचं टोक आणि पाण्यानं भरलेला एक खळगा. लेक म्हणाली, "आई, हा खराब आलाय, पुसून टाक." मी पुसला नाही.

दिग्व्रत मी अजून घेतलेलं नाही. लेक तिकडं आहे, नातू तिकडं आहे, पुन्हा जावं लागेल. पण यंदाच्या दशलक्षण पर्वात उत्तम संयमाच्या दिवशी बस्तीत एक छोटा नियम घेतला. जिथं जाईन तिथं आखलेली वाट सोडायची नाही, आणि 'मी एकटीच आहे' हे कारण सांगायचं नाही. सांगितल्यावर शेजारच्या काकू हसल्या. त्यांना वाटलं असेल, हा काय नियम झाला? मीही एकदा अशीच हसले होते.