विचारलं तर सांगू

आमच्या गाडीचा आवाज मला झोपेतही ओळखता यायचा. चालू होतानाचा नाही, चालू न होतानाचा. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर उजळायचे, मग मंद व्हायचे आणि बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज यायचा. स्टार्टर फिरवायला पुरेसा करंट नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिलाईल रोडच्या आमच्या गल्लीत मात्र त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता : चला, धक्का मारायला या.

पप्पांनी ती गाडी २०१८च्या सुरुवातीला घेतली. सेकंड हँड, पण घरातली पहिली. आजोबा गिरणीत होते, त्यांचं आयुष्य सायरनवर आणि पायी गेलं. पप्पांनी नोकरीभर लोकल आणि बस केली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दोनच गोष्टी केल्या : बहिणीचं लग्न आणि ही गाडी. गणपतीला कणकवलीला स्वतःच्या गाडीने जायचं, हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. त्या वर्षी ते पुरंही झालं. परत आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी टक-टक-टक.

पुढची सहा वर्षं हेच. तीन बॅटऱ्या बदलल्या. डायनामो एकदा खोलून पाहिला. म्युझिक सिस्टीम काढून टाकली. एका इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची वायर बदलली, दुसऱ्याने पहिल्याला नावं ठेवली. शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या वायरमनने निदान केलं, 'कुठेतरी करंट खातंय.' कुठे, ते त्यालाही सापडलं नाही.

मी इंजिनीअर. काम सॉफ्टवेअरचं असलं तरी मल्टिमीटर धरता येतो. बंद गाडीतही थोडा करंट वाहतच असतो, घड्याळाला, सेंट्रल लॉकला, कॉम्प्युटरच्या मेमरीला. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नसते. मी निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मीटर लावला. बहुतेक वेळा ३० दिसायचे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशोबाने दीड महिना टिकायला हवी. पण एका रविवारी आकडा अचानक ४०० वर गेला आणि तिथेच राहिला. त्या वेगाने तीच बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. मी धावत जाऊन एकेक फ्यूज काढायला लागलो. तिसऱ्या फ्यूजला हात लावेपर्यंत आकडा आपोआप परत ३० वर आला होता.

आमच्या धंद्यात अशा बगला हायसेनबग म्हणतात. बघायला गेलं की गायब होणारा बग.

एकदा सीटखालचा गालिचा उचलला तेव्हा एक गोष्ट दिसली. पत्र्यावर वाळलेल्या चिखलाची बारीक रेघ होती आणि वायरिंगच्या एका जोडाला हिरवट गंज. २९ ऑगस्ट २०१७ला मुंबई बुडाली होती, परळ-एल्फिन्स्टन भागात माणसं कमरेइतक्या पाण्यातून घरी गेली होती. आमची गाडी त्यानंतर काही महिन्यांनी विकायला निघाली होती. तो जोड मी साफ केला, दुखणं गेलं नाही. गाडी त्या पाण्यात उभी होती हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मला तसं वाटतं आणि पप्पांनाही वाटायचं. ज्याच्याकडून घेतली त्याने पाण्याचा शब्दही काढला नव्हता. पप्पांनीही विचारलं नव्हतं. गाडी चकचकीत होती आणि पहिल्या चावीला चालू झाली होती.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की २०२४ मध्ये गाडी विकायची वेळ आमच्यावर आली.

पप्पांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायला लागला होता. गावच्या घराचं छप्परही बदलायचं होतं. नुकतीच नवी बॅटरी टाकली होती, त्यामुळे गाडी महिनाभर शहाण्यासारखी वागत होती. काळाचौकीचा एक जण बघायला आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागतं आणि पहाटे टॅक्सी मिळत नाही, म्हणून गाडी हवी होती. फेरी मारली, खूश झाला. एक लाख साठ हजारांवर बोलणं आलं. निघताना म्हणाला, 'काका, तुम्ही आपली चाळीतली माणसं. म्हणून जास्त काही विचारत नाही. उद्या टोकन घेऊन येतो.'

रात्री जेवताना मी विषय काढला. पप्पा म्हणाले, 'त्याने विचारलं तर सांगू.'

'आणि नाही विचारलं तर?'

'आपल्याला कुणी सांगितलं होतं?'

आई काही बोलली नाही. ताटात आमटी वाढत राहिली.

पप्पा लबाड नाहीत. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तर भांडणारा हा माणूस. त्यांच्याकडे मुद्दे होते आणि ते फालतू नव्हते. पहिला : आपण खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही. दुसरा : जुनी गाडी घेताना तपासून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटला : 'नक्की काय सांगणार तू? काय बिघडलंय ते सहा वर्षांत तुला तरी कळलं का?'

कायदा बऱ्यापैकी पप्पांच्या बाजूने आहे, हे मला नंतर कळलं. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या १७व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि पुढे उदाहरणं आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. लगेच दुसरं उदाहरण आहे. घोडा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग नात्यामुळेच सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं : घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. आता गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन घोड्यांपैकी आमचा कुठला? पप्पांच्या मते पहिला. माझ्या मते तिसरा. 'चाळीतली माणसं, म्हणून विचारत नाही' याचा दुसरा अर्थ काय होतो? त्याने प्रश्न विचारलाच होता. उत्तर त्याने आमच्या पत्त्यावरून गृहीत धरलं होतं.

हा वाद त्याहूनही जुना आहे. दोन हजारांवर वर्षांपूर्वी रोममध्ये सिसरोने कर्तव्यांवरच्या आपल्या पुस्तकात एका धान्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट घेतली आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. व्यापारी अलेक्झांड्रियाहून जहाज भरून येतो. मागून आणखी जहाजं येत आहेत, हे फक्त त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावं, की चढ्या भावाने धान्य विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ (कंदीलवाला नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, न सांगणं आणि लपवणं एक नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. त्याचा निकष साधा आहे : गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे, पण समोरच्याला जे कळण्यात त्याचं हित आहे ते तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी कळू देत नसाल, तर ते लपवणंच.

यात 'कारण माहीत असणं' ही अट कुठेच नाही. पप्पांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मला इथे मिळालं. बिघाड कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. पण गाडी अधूनमधून दगा देते हे माहीत होतं. पहाटे पाचला आईला घेऊन खाली उतरलेल्या माणसाला कारणाशी काय करायचंय? सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत आम्ही माहीत असलेल्या अडचणींची यादी देतो. त्यातल्या निम्म्यांचं कारण आम्हाला सापडलेलं नसतं, तरी लिहितो. आणि खरं सांगायचं तर कधी कधी लिहीत नाही. ग्राहकाकडे दोनदा आलेली एक तक्रार 'आमच्याकडे पुन्हा घडवता आली नाही' असा शेरा मारून मी स्वतः बंद केली आहे. त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं. म्हणजे पप्पांना शिकवण्याइतका मी धुतल्या तांदळाचा नाही.

राहिलं 'आपल्याला कुणी सांगितलं होतं?'

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकर्लॉफचा १९७०चा एक गाजलेला निबंध जुन्या गाड्यांच्या बाजारावरच आहे. अमेरिकेत खोट असलेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. आपण गाडीला लिंबू बांधतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू असते. त्याचं म्हणणं असं : खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीवर संशय धरून भाव पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, बाजारातून निघून जातो. मागे लिंबं उरतात, भाव आणखी पडतो. या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं. या बाजारात कुणी खलनायक लागत नाही. प्रत्येकाने फक्त 'विचारलं तर सांगू' म्हटलं की पुरे. रोज थोडा थोडा करंट खाल्ला जातो आणि एक दिवस कुणाचंच काही चालू होत नाही.

डिलाईल रोडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, मग तपासण्या झाल्या आणि त्याच महिन्यात आमचा पूल धोकादायक ठरवून बंद केला. तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं आम्ही वळसे घातले आणि शिव्या घातल्या. पण पूल धोक्याचा आहे हे कळूनही कुणी गप्प बसलं असतं तर बरं झालं असतं, असं एकही जण कधी म्हणाला नाही.

तरीही पप्पांच्या प्रश्नात एक खरी कळ होती, आणि तिला अ‍ॅकर्लॉफकडे औषध नाही. आधीच्या मालकाने त्याचं नुकसान आमच्या गळ्यात बांधलं. आम्ही ते पुढे बांधलं तर आम्ही सुटतो. आम्ही खरं बोललो तर दुसऱ्याच्या गप्प बसण्याची किंमत आम्ही भरतो. हा अन्यायच आहे. मी बराच विचार केला आणि मला एवढंच कळलं, की ते पैसे २०२४ मध्ये जाणार नव्हते, ते २०१८ मध्येच गेले होते. गेलेला पैसा परत मिळवण्याचा हक्क होता तो ज्याने फसवलं त्याच्याकडून, काळाचौकीच्या माणसाकडून नाही. साखळी जिथे थांबते तिथे कुणाला तरी फटका बसतोच. तो डायलिसिसवाल्या आईच्या मुलालाच बसावा असा काही नियम नाही.

दुसऱ्या दिवशी तो टोकन घेऊन आला आणि मी सगळं सांगितलं. तीन बॅटऱ्या, ४००चा आकडा, चिखलाची रेघ. पप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्याने ऐकून घेतलं, 'बरं झालं सांगितलंत' म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. पुन्हा आला नाही. त्याने दुसरी कुठली गाडी घेतली असेल, तिच्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलं का, मला माहीत नाही. कदाचित आमच्याहून वाईट गाडी त्याने गप्प माणसाकडून घेतली असेल. माझ्या खरं बोलण्याने त्याचं भलं झालं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'खरं बोललास ते ठीक. पण माझ्या पैशाने बोललास.' यावर मला उत्तर नव्हतं. मला महिन्याच्या महिन्याला पगार येतो, त्यांना छप्पर घालायचं होतं. फरक मी भरतो म्हणालो, तर म्हणाले, 'तो प्रश्नच नाही.' आणि खरंच तो नव्हता. सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायला हवं होतं. त्यांची वेळ येण्याआधीच मी ती त्यांच्या हातून काढून घेतली. सत्य सांगणं आणि दुसऱ्याच्या वतीने सत्य सांगून मोकळं होणं यात अंतर आहे. ते मला त्या दिवशी दिसलं नव्हतं.

महिनाभराने भायखळ्याचा एक गॅरेजवाला आला. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणारा. बॅटरी तोवर पुन्हा उतरली होती, पण मी आदल्या रात्री चार्जरवर लावून ठेवली होती. पहिल्या चावीला चालू झाली. मी ठरवून गप्प राहिलो. त्याने बॉनेट उघडलं, टायर बघितले, आरसी बुक चाळलं. विचारलं काहीच नाही.

पप्पा म्हणाले, 'ऐका. अधूनमधून सेल्फ लागत नाही. कुठेतरी करंट खाते, कुठे ते सापडलेलं नाही. पाण्यात उभी होती असं आम्हाला वाटतं, खात्री नाही.'

व्यवहार सव्वा लाखात झाला. कागदावर सही करण्याआधी पप्पांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि हेच वाक्य खाली आपल्या अक्षरात लिहिलं. मग गॅरेजवाल्याला म्हणाले, 'तुम्ही विकाल तेव्हा पुढच्याला दाखवा.' तो हसला, कागद घडी करून खिशात टाकला. तो दाखवेल की नाही, हे आमच्या हातात नव्हतं.