ताण तोडण्याचा दिवस

ऐन थंडीत पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्राबागेत कुणी पाहुणा आला, तर झाडं आजारी आहेत असंच त्याला वाटेल. पानं मलूल, काही पिवळी होऊन आळ्यात गळलेली. शेजारी विहिरीत पाणी दिसत असतं, तरी बागवान ते देत नाही. याला ताण देणं म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडायचं, जमीन हलकी असेल तर महिनाभर, काळी भारी असेल तर दीड-दोन महिने. झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठतं. मग जानेवारी-फेब्रुवारीत एके दिवशी हलकं पाणी सोडायचं. थोड्याच दिवसांत बाग पांढऱ्या फुलांनी भरते आणि वास रस्त्यापर्यंत येतो.

हे दृश्य पाहून ‘हालअपेष्टांतूनच माणूस फुलतो’ असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ताण झाडाला फुलवत नाही, वेळेवर तोडलेला ताण फुलवतो. आठ-दहा दिवस जास्त झाले की शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात. त्या वाळक्या काड्यांना बागायतदार ‘सल’ म्हणतात. मनात रुतून राहिलेल्या दुःखालाही मराठीत सलच म्हणतात. फळं उतरवल्यावर सल काढतात तेव्हा वाळकी काडी तेवढी तोडून भागत नाही, तिच्याखालचा थोडा हिरवा भागही कापावा लागतो, नाहीतर मर खाली सरकते. मग कापलेल्या जागी आणि बुंध्याला बोर्डो मलम. झाडानं तग धरला असं आपण सहज म्हणून जातो. त्या तग धरण्यात किती हातांचे कष्ट असतात ते बागेत राबल्याशिवाय कळत नाही.

मुळात हे झाडच दुसऱ्याच्या पायावर उभं असतं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. जमिनीखाली पाणी शोधणारं, खडकाशी झगडणारं मूळ त्या आंबट जंबेरीचं. बाजारात नाव होतं ते संत्र्याचं.

काही वर्षांपूर्वी सौंसरजवळच्या एका बागेत मी ताण तोडण्याच्या दिवसांत होतो. डीपी जळाली होती आणि बांधाच्या एका बाजूच्या सगळ्या मोटारी बंद पडल्या होत्या. पलीकडच्या शेतकऱ्याची लाइन वेगळी, त्याची मोटार चालू होती. त्याच्याही बागेला त्याच आठवड्यात पाणी द्यायचं होतं. सकाळी तो आला, झाडांमधून फिरला, पानं चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, “भाऊ, मायी बाग आनखी चार दिवस थांबते. तुमची नाई थांबत.” दुपारपर्यंत बांधावरून पाइप आला होता. त्यानं आपलं पाणी दिलं याचं मला कौतुक आहेच, पण माझ्या मनात राहिलं ते त्याचं पानं चिमटीत धरणं. कोणाची तहान आधीची, हे त्यानं पाहिलं, मापलं आणि मग ठरवलं. चांगुलपणा म्हणजे उचंबळून आलेली भावना, असा आपला समज असतो. मी त्या दिवशी पाहिली ती जाणकारी होती, पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेली.

याच मुलखात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण बैलाला देतात. पोळ्याला त्याला ओढकाम नाही, पुरणपोळीचा घास. आणि लगेच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जाम नदीच्या पात्रात, गोटमार. पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात आणि ते मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत सापडली आणि दोन्हीकडच्या दगडांनी मेली, अशी आख्यायिका सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काहींनी जीवही गमावलेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. ही प्रथा थांबली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. श्रद्धेचा मान राखूनही मेलेल्या मुलाच्या आईपुढे तिचं समर्थन करता येत नाही.

पण इथली माणसं क्रूर आहेत, हा बाहेरच्यांचा निष्कर्षही मला खोटा वाटतो. ज्या हातानं परवा बैलाची खांद शेकली तोच हात आज दगड फेकतो, आणि डोकं फुटलेला माणूस पाण्यात पडला की त्याला खांद्यावर घेऊन उपचार शिबिराकडे धावतो. नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांच्या लेकी नांदतात. पळसाला पाने तीनच, कोणत्याही काठावर. म्हणून मला आशा वाटते. माया इथं बाहेरून आणायची नाही. तिला वर्षातल्या एका दिवसाची सुट्टी मिळते, ती बंद करायची आहे.

सोसण्याला मर्यादा असते, हे त्या पळसालाही लागू. तो तोडला तरी मुळं जमिनीत राहिली तर त्यांतून नवे धुमारे फुटतात, आणि फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलं येतात. मुळासकट उपटला, वर डांबर ओतलं, तर तो परत येत नाही. ‘निसर्ग सावरून घेतो’ हे वाक्य आपण फार स्वस्त केलं आहे. अलीकडे ऐन ताणात अवकाळी पाऊस पडतो आणि शेतकऱ्यानं महिनाभर धरलेला ताण एका रात्रीत मोडतो. कधी फुलावर गारपीट होते. मृग बहारासाठी मे महिन्यात ताण दिलेली झाडं जूनच्या पावसाकडे डोळे लावून असतात, आणि तो लांबला तर टँकर बोलवावा लागतो. बोअर दरवर्षी खोल जाते. झाड सोसतं म्हणून त्याला आणखी सोसायला लावायचं, हा न्याय आपण झाडांना लावतो आणि सोशिक माणसांनाही.

1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कचेरीचा कागद हिंदीत, घरातलं बोलणं वऱ्हाडी वळणाचं. मात्र दुखणं मोठं असलं की गाडी अजूनही नागपूरकडेच वळते, आणि ती कोणाची, डिझेल कोणाचं, रात्री दवाखान्याच्या पायरीवर कोण बसलं, याचा हिशेब गावात कुणी मांडत नाही.

फेब्रुवारीत तुम्ही या भागात आलात, तर बांधावर भेटणारी माणसं एकमेकांना तब्येत विचारण्याआधी एक प्रश्न विचारताना ऐकू येतील: “ताण तोडला का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर विचारणारा थांबतो. मोटारीचं काय झालं, विहिरीत किती पाणी आहे, हे विचारतो. मग चप्पल बांधावर काढून ठेवतो आणि पानं पाहायला बागेत शिरतो.