नेक बदलला तर गिटार तीच का?

लिओ फेंडरने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा नेक बॉडीला सरसाने चिकटवलेला नव्हता. तो चार स्क्रूंनी आवळलेला होता. खराब झाला तर काढावा आणि दुसरा बसवावा, इतका तो साधा हिशेब. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही हीच सोय राहिली आणि गिटार उघडून तिचे भाग बदलण्याचा, पुढे सुट्या भागांतून नवीच गिटार जुळवण्याचा छंद तिच्या आधाराने वाढला. स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न हाताशी असले की पिकअप, ब्रिज, खुंट्या, नेक यांपैकी काहीही बदलता येते. सगळे बदलून झाल्यावर हातात उरते ती गिटार पहिलीच का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे.

प्लुटार्कने तो फळ्या एकेक करून बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजावरून मांडला. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? छांदिष्टाच्या टेबलावर हे रोज घडते. एका गिटारचा उतरवलेला नेक दुसऱ्या बॉडीवर चढतो. जुन्या फेंडरच्या नेकच्या टाचेवर अनेकदा पेन्सिलीने तारीख लिहिलेली आढळते, काही बॉडींच्या खाचेतही. त्या दोन तारखा जुळतीलच असे नाही. अनुक्रमांक तर बरीच वर्षे स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असे, म्हणजे ओळखीची खूण सर्वांत सहज निघणाऱ्या तुकड्यावर.

बौद्धांचे उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. नागसेन मिलिंद राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर नाही असे येते. भाग एकत्र आले की व्यवहारापुरते ‘रथ’ म्हणायचे, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार याचे चोख उदाहरण. १९७० मध्ये नॅशव्हिलला घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरपैकी तिघींचे चांगले भाग निवडून ती जुळवली गेली. २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. त्या तिघींपैकी ब्लॅकी कोणती, याला उत्तर नाही. नागसेनाला याचे नवल वाटले नसते.

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांना मात्र हे पटत नाही. सुतांहून कापड वेगळे, तसा अवयवांहून अवयवी, म्हणजे त्यांची मिळून झालेली वस्तू, वेगळा आणि खरा, असे त्यांचे म्हणणे. न्यायसूत्रांतला एक युक्तिवाद गिटारला तंतोतंत लागू पडतो: वस्तूचा एक भाग धरून उचलला की सगळी वस्तू उचलली जाते. नेक धरला की गिटार येते. लाखेने चिकटवलेल्या काड्याही अशाच उचलल्या जातात, हा आक्षेप भाष्यकार वात्स्यायनाच्या ध्यानात होता. म्हणून या एकाच युक्तिवादावर विसंबता येत नाही.

गिटारकडे नीट पाहिले तर अधिक भक्कम पुरावा तिच्यातच सापडतो. तारेचे एक टोक नेकवरच्या नटवर टेकते, दुसरे बॉडीवरच्या ब्रिजवर. स्ट्रॅटोकास्टरमध्ये हे अंतर साडेपंचवीस इंच. नेकवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, याच मापाने बसवलेल्या असतात, पण ते अंतर एकट्या नेकमध्ये नसते आणि एकट्या बॉडीतही नसते. चार स्क्रू आवळल्यावरच ते अस्तित्वात येते आणि सूर त्यावरच उभा राहतो. अवयवांत नसलेले काहीतरी जुळणीत नव्याने जन्मते, हे वैशेषिकांचे मत इथे फुटपट्टीने मोजता येते.

गिटारवादक ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ पासून घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ही हेच दाखवते. तिच्या नेकचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, नेकवरचे ठिपके आईच्या शिवणकामातल्या शिंपल्याच्या बटणांचे. शेकोटीत सूर दडलेला नव्हता, बटणांतही नव्हता.

मात्र या मताची किंमतही मोजावी लागते. एक अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे वैशेषिक मानतात. मग तार बदलली तरी गिटार नवी. हे ऐकायला कठोर वाटते, पण नेकच्या बाबतीत कामाची रीत त्यालाच दुजोरा देते. नवा नेक बसवला की खाचेत कधी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालून त्याचा कोन साधावा लागतो. मग बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार दाबून निघणारा स्वर ताडून पाहतात. दाबलेला स्वर चढा निघाला तर ब्रिजवरचा सॅडल, म्हणजे तारेचा टेकू, मागे सरकवतात, उतरला तर पुढे. सहाही तारांचे हे जुळवणे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आधीच्या नेकशी जुळवलेले माप उपयोगी पडत नाही. मालक तिला जुन्याच नावाने हाक मारतो, ती नागसेन म्हणतो तशी व्यवहाराची ओळख. सॅडलच्या स्क्रूपुढे मात्र ती नवी गिटार असते.