रुमालाखालचा सौदा

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत तेथील कारभाराची विभागणी चर्चच्या धर्मग्रामांवरून झाली. पुढे राज्यकर्ते बदलले, नाव मात्र राहिले. राज्याच्या ईशान्येस असलेला रिचलंड पॅरिश हा असाच नावापुरता धर्मग्राम. वस्ती सुमारे २० हजार, सोयाबीन, मका आणि कापसाची शेते, आणि जवळजवळ चौथा हिस्सा लोक दारिद्र्यात. तेथील हॉली रिज या खेड्यालगत सुमारे २,२५० एकर जमिनीवर मेटा ही कंपनी (आपल्या घराघरांतील व्हॉट्सअॅप तिच्याच मालकीचे) कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एक प्रचंड डेटा सेंटर उभारीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये घोषणा झाली तेव्हा खर्चाचा आकडा १० अब्ज डॉलर सांगितला गेला. पुढे तो कितीतरी वाढला.

डेटा सेंटर म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या संगणकांचे गोदाम. त्याला वीज अफाट लागते आणि ते सतत तापते. ते थंड ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी पाणी वापरतात. या एका प्रकल्पासाठी वायूवर चालणारी तीन वीज केंद्रे बांधायची आहेत. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २,२६० मेगावॅट. राज्याच्या नियामक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी त्यांना मंजुरी दिली. बांधकाम ऐन भरात असताना ५ हजार कामगार लागतील, ते संपल्यावर सुमारे ५०० कायम नोकऱ्या राहतील, असे सांगण्यात आले.

दूर बसून असल्या गावाला ‘नको म्हणा’ असा उपदेश करणे फार सोपे आहे. पण ही जमीन मोटारींचा कारखाना येईल या आशेने राज्य सरकारने कित्येक वर्षांपूर्वी घेऊन ठेवली होती. कारखाना आला नाही. मुले मोठी झाली आणि कामाच्या शोधात गाव सोडून गेली. अशा गावात कोणी ५०० नोकऱ्यांचे नाव काढले, तर आईबापांचे मन हलणारच. त्यांच्या होकाराला लोभ म्हणण्याचा अधिकार, ज्याची मुले सुस्थितीत आहेत अशा माणसाला तरी नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या होकाराला संमती म्हणता येईल काय?

आपल्याकडील बैलबाजारात दलाल आणि शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवीत. भोवतालच्या बघ्यांना काही कळत नसे; आणि त्यात अन्यायही नव्हता, कारण बैल ज्याचा, त्याचा हात रुमालाखाली असे. या नव्या सौद्यात मात्र ज्यांचे पाणी, ज्यांची हवा, ज्यांचे वीजबिल पणाला लागते, त्यांचाच हात बाहेर राहतो. गुप्ततेचे करार होतात, त्यांवर स्थानिक पुढारी सही करतात, वाटाघाटी भलत्याच नावाच्या कंपनीमार्फत चालतात. रिचलंडमध्ये मेटाचे नाव जाहीर होण्यापूर्वीच वीज कंपनीने आयोगाकडे अर्ज केला होता. ग्रामस्थांना विचारले गेले. पण ठरल्यावर विचारणे हे आमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर मुलीला स्थळ पसंत आहे का, असे विचारण्यासारखे आहे.

ओरेगन राज्यातील द डॅल्स या लहानशा शहरात तर याहून विलक्षण प्रकार घडला. तेथे गूगलची डेटा सेंटरे आहेत. ती किती पाणी घेतात, अशी विचारणा एका वृत्तपत्राने केली. हे व्यापारी गुपित आहे असे म्हणत नगरपालिकेने २०२१ मध्ये त्या वृत्तपत्रावरच दावा लावला. वर्षभराहून थोड्या अधिक काळाने माघार घेतली, तेव्हा कळले की शहरातील एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी गूगल घेत होते. गावाच्या नदीझऱ्यांचा हिशेब गावापासूनच लपवायचा, आणि तोही गावाच्या नगरपालिकेने! यात पाण्यापेक्षा मोठी गोष्ट नासते, असे मला वाटते.

आणि शेजारधर्माचे काय? व्हर्जिनियातील प्रिन्स विल्यम काउंटीत पुष्कळ जमीनमालक स्वतःच विकायला उत्सुक होते, बाजूचे रहिवासी विरोधात. डिसेंबर २०२३ मध्ये २४ तासांहून अधिक काळ चाललेल्या सभेनंतर मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण सुनावणीची जाहिरात कायद्याप्रमाणे झाली नव्हती. प्रकरण अपिलात गेले. जमीन माझी, मी विकीन, हे म्हणणे खोटे नाही. पण विहिरींच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हेही ठाऊक असते की विहीर माझ्या सातबाऱ्यावर असली, तरी झरा शेजाऱ्याच्या वाडीखालून येतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, अशा प्रकल्पांच्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असे म्हटले आहे. हे वाचताना आपण त्याला सौजन्य समजतो. मला तो न्यायाचा मुद्दा वाटतो: ज्याला तोटा सोसायचा आहे त्याला आकडे आधी कळले पाहिजेत, आणि ‘नाही’ म्हणता येईल अशा वेळी कळले पाहिजेत. आपण तरी या सौद्यापासून दूर कुठे आहोत? मुलाचा निबंध किंवा लग्नाची पत्रिका फोनवरील यंत्राकडून लिहून घेताना कुठल्या गावची वीज जळते, हे आपणही कधी विचारलेले नाही.

रिचलंडच्या कागदपत्रांतील एक तपशील मात्र डोक्यातून जात नाही. वीज कंपनीशी मेटाचा करार १५ वर्षांचा आहे. वायूवर चालणारी वीज केंद्रे ३० वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकतात. करार पुढे चालू राहिला तर ठीकच. नाही राहिला, तर उरलेल्या वर्षांचा खर्च सामान्य ग्राहकांच्या बिलात येऊ शकतो, असा आक्षेप सुनावणीत घेतला गेला. हॉली रिजच्या प्राथमिक शाळेजवळून बांधकामाचे ट्रक धावू लागले, तेव्हा पहिलीत बसलेले मूल त्या वेळी आपल्या नावावरचे वीजबिल भरण्याच्या वयाचे झालेले असेल.